पदवीच्या वर्गातील गटसिद्धांत

बी. एस्सी.च्या वर्गात गणित घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे ज्या गणिताचा सराव झालेला असतो, ते बहुतांशी कृतीचे गणित असते. फलन दिले की त्याचे अवकलन करावयाचे, सारणिक दिला की त्याची किंमत काढावयाची, अवकल समीकरण दिले की ते कोणत्या प्रकारात बसते हे ओळखून त्या प्रकाराची ठरलेली रीत त्याला लावावयाची, अशा व्यवहारात तो हळूहळू तरबेज होतो, आणि गणित म्हणजे हेच अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसते. अशा विद्यार्थ्यापुढे अमूर्त बीजगणिताच्या पहिल्या तासाला चार गृहीतके मांडली जातात : एक संच घ्यावा, त्याच्या कोणत्याही दोन घटकांपासून त्याच संचातील एक घटक देणारी क्रिया घ्यावी, ती क्रिया साहचर्याचा नियम पाळणारी असावी, तिला एकक घटक असावा आणि प्रत्येक घटकाला व्यस्त घटक असावा, अशा रचनेस गट म्हणावे. पुढच्या तासाला एकक घटक एकच असतो हे सिद्ध होते, त्यापुढच्या तासाला उपगटाची कसोटी येते, आणि सत्र अर्ध्यावर येण्याच्या आत विद्यार्थ्याची वही प्रमेयांनी भरून जाते. परंतु हे सारे कशाविषयी चालले आहे, हा त्याच्या मनातला पहिला प्रश्न जागच्या जागी राहतो.

ही अडचण एखाद्या विद्यापीठाची किंवा एखाद्या देशाची नाही. जिथे जिथे हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला, तिथे तिथे ती उभी राहिली, आणि तिच्यावर तोड म्हणून पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनी, अध्यापकांनी व अलीकडच्या काळात शिक्षणशास्त्रज्ञांनी निरनिराळे मार्ग सुचविले. त्या मार्गांचा आढावा घेण्याचा येथे हेतू आहे. या विचारात माझी स्वतःची एक बाजू आहे व ती आरंभीच नमूद करतो : विषय अमूर्त आहे म्हणून तो विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. खरे कारण वेळेच्या वाटणीत आहे. इतिहासात जी व्याख्या सर्वांत शेवटी स्थिरावली ती आपण पहिल्या तासाला देऊन मोकळे होतो, आणि या शास्त्राचा जो प्राण, म्हणजे नॉर्मल उपगट आणि त्यापासून निर्माण होणारा भागगट, त्याची बोळवण एका आठवड्यात करतो.

इतिहासाचा तपशील या बाबतीत फार बोलका आहे. १७७०–७१ मध्ये लाग्रांजने तृतीय व चतुर्थ घातांची समीकरणे सोडविण्याच्या जुन्या रीती तपासून पाहिल्या आणि त्या का यशस्वी होतात याचे मर्म मुळांच्या आपसांतील अदलाबदलीत आहे, हे दाखविले. १७९९ मध्ये रुफिनीने आणि १८२४ मध्ये आबेलने पंचघाती समीकरणाला मूळचिन्हांनी मांडता येईल असे सर्वसामान्य उत्तर नाही, हे सिद्ध करण्याचे यत्न केले. त्यांत आबेलची सिद्धता टिकली. त्यानंतर एव्हारिस्त गाल्वा. वयाच्या एकविसाव्या वर्षात, १८३२ च्या मे महिन्यात, द्वंद्वयुद्धाच्या आदल्या दिवसांत आपला मित्र ऑग्युस्त शव्हालिए याला लिहिलेल्या पत्रात त्याने गटाचे एका उपगटानुसार दोन बाजूंनी विभाजन केले असता ती दोन विभाजने केव्हा जुळतात हा प्रश्न घेतला, आणि जिथे ती जुळतात तिथे समीकरण सोडविण्याचे काम एक पायरी खाली उतरते, हे सांगितले. ज्याला आपण आज नॉर्मल उपगट म्हणतो तो हाच. गाल्वाचे लेखन लिऊव्हीलने १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. कोशीने त्याच सुमारास अदलाबदलींच्या गटांवर आपले विस्तृत निबंध लिहिले. केलीने १८५४ मध्ये घटक कोणत्या जातीचे आहेत याचा विचार बाजूला ठेवून केवळ गुणाकाराच्या कोष्टकावरून गटाचे वर्णन केले, आणि त्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. जोर्दांचा मोठा ग्रंथ १८७० चा. आज आपण फळ्यावर लिहितो तशा स्वरूपाची अमूर्त व्याख्या डिक आणि वेबर यांच्या १८८२ च्या लेखनात दिसते, आणि भागगट ही स्वतंत्र वस्तू म्हणून होल्डरने १८८९ मध्ये मांडली.

म्हणजे नॉर्मल उपगटाची कल्पना प्रथम सुचली तेव्हा गटाची व्याख्या अस्तित्वात नव्हती, आणि तिच्यातून भागगट स्वतंत्रपणे उभा राहण्यास सत्तावन्न वर्षे लागली. त्या वर्षांत युरोपातील सर्वश्रेष्ठ गणितज्ञ या विषयावर काम करीत होते. इतिहासाचा क्रम जसाच्या तसा वर्गात उतरवावा असे माझे म्हणणे नाही, कारण तसे केल्यास पदवीची तीन वर्षेही पुरणार नाहीत. पण जी गोष्ट जोर्दां आणि कोशी यांना सहज दिसली नाही, ती विसाव्या वर्षाच्या मुलाला तीन तासांत दिसावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, एवढे हा इतिहास निश्चित सांगतो.

हा विषय पदवीच्या वर्गात आला तो गटसिद्धांत म्हणून सुटा आला नाही. बर्नसाइडचा इंग्रजीतला पहिला मोठा ग्रंथ १८९७ चा असला तरी तो तज्ज्ञांसाठी होता. गटिंगेन येथे एमी नोएथर आणि हाम्बुर्ग येथे एमिल आर्टिन यांनी १९२० नंतरच्या दशकात जी व्याख्याने दिली, त्यांच्या आधारे व्हान डर व्हार्डन यांनी १९३०–३१ मध्ये 'मोडेर्न अल्गेब्रा' हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि गट, वलय, क्षेत्र अशा रचनांचा एकसूत्री विचार हीच बीजगणिताची मांडणी ठरून गेली. तिला पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत आणण्याचे श्रेय मुख्यतः बर्कहॉफ आणि मॅक लेन यांच्या १९४१ च्या पुस्तकाला जाते. त्या पुस्तकाचा आरंभ पूर्णांकांपासून होतो, आणि बहुपदी, वास्तव व संमिश्र संख्या यांचा परिचय करून दिल्यानंतर सहाव्या प्रकरणात गट येतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळखीच्या प्रदेशातून त्याला बोटाला धरून पुढे नेण्याची ती तजवीज होती. हर्स्टाइनच्या १९६४ च्या 'टॉपिक्स इन अल्जिब्रा'ने तो क्रम उलटविला. संचांचे जुजबी प्रकरण संपताच तेथे गट सुरू होतात, आणि वलये व क्षेत्रे मागाहून येतात. आपल्याकडील महाविद्यालयांतून हर्स्टाइनच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, आणि त्यामुळे गट आधी, वलये नंतर, हा क्रम आपल्या अभ्यासक्रमांत असा काही रुजला की त्याला पर्याय असू शकतो हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हर्स्टाइनच्या पुस्तकाची थोरवी मी मानतो. त्यातील उदाहरणसंग्रहाने कित्येकांना गणिताकडे वळविले आहे. पण ती उदाहरणे जितकी उत्तम तितकेच प्रमेयांमधले निवेदन त्रोटक आहे, आणि ज्याच्याजवळ चांगला शिक्षक नाही त्या विद्यार्थ्याला ते पुस्तक एकट्याने वाचणे जड जाते.

गट आधी की वलये आधी, या वादात दोन्ही पक्षांची बाजू सबळ आहे. वलये आधी घ्यावीत असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की पूर्णांक आणि बहुपदी विद्यार्थ्याने शाळेपासून हाताळलेल्या असतात, त्यांत विभाज्यता, अवशेष, अविभाज्य घटक या कल्पना त्याच्या ओळखीच्या असतात, आणि अवशेषांच्या वर्गांची बेरीज-गुणाकार करताना त्याला भागाकाराची रचना पहिल्यांदा अशा ठिकाणी भेटते जिथे ती त्याला परकी वाटत नाही. गटवाद्यांचे म्हणणे असे, की एकच क्रिया असलेली रचना दोन क्रियांच्या रचनेपेक्षा साधी आहे, म्हणून ती आधी. मला पहिली बाजू अधिक सयुक्तिक वाटते, कारण साधेपणा गृहीतकांच्या संख्येवरून मोजावयाचा नसून शिकणाऱ्याच्या अनुभवावरून मोजावयाचा असतो. मात्र या वादाचा निर्णय लागल्याने मूळची अडचण सुटत नाही. मायकेल आर्टिन यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात सारणींपासून आरंभ केला. गॅलियन यांनी १९८६ च्या पुस्तकात पहिलेच प्रकरण चौरसाच्या सममितींना दिले. आणि हे दोन्ही मार्ग वरील वादाला बगल देऊन अधिक महत्त्वाच्या ठिकाणी पोचतात, असे माझे मत आहे.

ते ठिकाण म्हणजे क्रिया करणारा गट. रशियन गणितज्ञ व्लादीमीर आर्नोल्ड यांनी १९९७ मध्ये पॅरिस येथे दिलेल्या एका व्याख्यानात गणिताच्या अध्यापनातील गृहीतकवादावर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की गट म्हणजे एखाद्या संचाच्या रूपांतरांचा असा समुदाय, ज्यात दोन रूपांतरे लागोपाठ केल्याने होणारे रूपांतर आहे आणि प्रत्येकाचे उलटे रूपांतरही आहे. यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही, कारण केलीच्या प्रमेयानुसार प्रत्येक अमूर्त गट शेवटी असाच एक समुदाय असतो. या मांडणीत साहचर्य सिद्ध करावे लागत नाही, ते रूपांतरांच्या स्वभावातच असते. आर्नोल्ड यांच्या टीकेचा स्वर मला काहीसा अतिरेकी वाटतो, कारण अमूर्त व्याख्येमुळेच पूर्णांकांची बेरीज आणि चौरसाची फिरवणूक यांना एका छपराखाली आणता येते; पण आरंभ कुठून करावा या मुद्द्यावर त्यांची बाजू मला मान्य आहे.

पुठ्ठ्याचा एक चौरस तुकडा कापून घ्यावा, त्याच्या चारही कोपऱ्यांवर पुढून व मागून एकच क्रमांक पडेल अशा रीतीने १ ते ४ आकडे लिहावेत, आणि कागदावर त्याची जागा आखून, तो उचलून पुन्हा त्याच जागेत किती प्रकारांनी बसविता येतो हे विद्यार्थ्याने स्वतः मोजावे. चार फिरवणुकी आणि चार उलथापालथी, असे आठ प्रकार हाती लागतात; त्यांपैकी कोणतेही दोन लागोपाठ केले तरी उत्तर त्या आठांतच सापडते, हे तो कोष्टक भरता भरता पाहतो. एक पाव फेरा देऊन मग उभ्या अक्षाभोवती उलथविल्यास एका कर्णावरचे परावर्तन मिळते आणि क्रम बदलल्यास दुसऱ्या कर्णावरचे, हे त्याच्या बोटांना कळते, आणि गुणाकाराचा क्रम बदलून चालत नाही ही गोष्ट त्याला पाठ करावी लागत नाही. चौसष्ट घरांचे हे कोष्टक भरण्यास एक तास लागतो. अभ्यासक्रमाच्या घाईत तो तास वाया गेला असे ज्यांना वाटते त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पुढील दोन महिन्यांत जितक्या व्याख्या यावयाच्या आहेत त्या प्रत्येकीचे उदाहरण या एका कोष्टकात आहे : उपगट आहेत, केंद्र आहे, नॉर्मल असलेले आणि नसलेलेही उपगट आहेत, आणि भागगटही आहे.

विद्यार्थी चुकतात कुठे, याचा पद्धतशीर अभ्यास १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला. एड डुबिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की पुष्कळ विद्यार्थी आरंभी गटाला केवळ संच समजतात. क्रिया हा त्या रचनेचा अविभाज्य भाग आहे हे त्यांच्या मनात ठसलेले नसते. ओरित हझ्झान आणि उरी लेरॉन यांनी १९९६ मध्ये लाग्रांजच्या प्रमेयाच्या गैरवापराचा जो अभ्यास केला त्यातले एक उदाहरण मला फार मार्मिक वाटते. तीनच्या अवशेषांचा गट सहाच्या अवशेषांच्या गटाचा उपगट आहे काय, असे विचारल्यावर काही विद्यार्थी उत्तर देतात : होय, कारण तीनाने सहाला भाग जातो, आणि लाग्रांजचे प्रमेय तसे सांगते. या एका वाक्यात दोन स्वतंत्र चुका दडलेल्या आहेत. पहिली चूक क्रियेची : ०, १, २ हे अंक सहाच्या अवशेषांतही दिसतात, परंतु तीनाच्या हिशेबात १ आणि २ मिळून ० होतात व सहाच्या हिशेबात ३, म्हणून तो संच तेथे उपगट होत नाही, तीन घटकांचा जो उपगट तेथे खरोखर आहे तो ०, २, ४ यांचा. दुसरी चूक तर्काची : लाग्रांजचे प्रमेय उपगटाच्या घटकसंख्येने गटाच्या घटकसंख्येस भाग जातो असे सांगते, ज्या ज्या संख्येने भाग जातो तितक्या घटकांचा उपगट असतोच, असे आश्वासन ते देत नाही.

हा व्यत्यास खोटा आहे हे सांगण्यासाठी बहुतेक पुस्तके चार वस्तूंच्या सम अदलाबदलींच्या गटाचे, म्हणजे ए-४ चे, नाव घेतात आणि पुढे जातात. त्याची सिद्धता मात्र वर्गात पूर्ण करून दाखविण्यासारखी आहे, कारण ती छोटी आहे आणि तिच्यातून पुढच्या प्रकरणाचे दार उघडते. या गटात बारा घटक आहेत. त्यांपैकी आठ असे आहेत की जे एक वस्तू जागेवर ठेवून उरलेल्या तिघींना चक्राकार फिरवितात. आता सहा घटकांचा एखादा उपगट आहे असे धरू. तो निम्मा असल्याने गटाचे दोनच कप्पे पडतात, एक तो उपगट आणि दुसरा उरलेला भाग, व त्यामुळे कोणत्याही घटकाचा वर्ग त्या उपगटातच पडला पाहिजे. पण तिघींना फिरविणारा प्रत्येक घटक हा आपल्या व्यस्ताचा वर्ग असतो. तेव्हा असे आठही घटक त्या सहा घटकांच्या उपगटात असावे लागतील. हे अशक्य आहे. हा युक्तिवाद ज्याने एकदा स्वतः लिहून काढला, तो लाग्रांजच्या प्रमेयाचा व्यत्यास पुन्हा बिनदिक्कत वापरणार नाही. आणि कोशीचे १८४५ चे व सिलोचे १८७२ चे प्रमेय त्या व्यत्यासाचा जो भाग वाचवितात त्याचे मोलही त्याला कळेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. भागगट कठीण का, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : तिथे संचांनाच घटक मानून त्यांचा गुणाकार करावयाचा असतो. आजवर ज्याने घटकांशी व्यवहार केला त्याला अख्ख्या कप्प्याला एकच वस्तू समजण्यास सांगितले जाते, आणि त्या कप्प्यातून कोणीही प्रतिनिधी निवडला तरी उत्तर बदलत नाही, हे त्याने तपासावे अशी अपेक्षा असते. हे तपासण्याची गरज काय, हेच त्याला उमगत नाही, कारण ज्या ठिकाणी उत्तर बदलते असे एकही उदाहरण त्याने पाहिलेले नसते. नॉर्मल उपगटाची व्याख्या आधी आणि तिची आवश्यकता मागाहून, हा जो पुस्तकी क्रम आहे तो उलटा केला पाहिजे. आधी मोडणारी रचना दाखवावी.

त्यासाठी तीन वस्तूंच्या सहा अदलाबदलींचा एस-३ हा गट पुरेसा आहे. उजवीकडची अदलाबदल आधी करावयाची असा संकेत धरू. एकक आणि (१ २) या दोघांचा उपगट घेतला, तर त्याचे डावे कोसेट तीन होतात : तो उपगट स्वतः, (१ ३) आणि (१ २ ३) यांचा दुसरा कप्पा, (२ ३) आणि (१ ३ २) यांचा तिसरा. आता पहिल्या कप्प्याला दुसऱ्या कप्प्याने गुणावयाचे आहे. पहिल्यातून एकक आणि दुसऱ्यातून (१ ३) घेतले तर गुणाकार (१ ३) येतो व तो दुसऱ्या कप्प्यात पडतो. पहिल्यातून (१ २) आणि दुसऱ्यातून पुन्हा तोच (१ ३) घेतला तर गुणाकार (१ ३ २) येतो, आणि तो तिसऱ्या कप्प्यात जातो. प्रतिनिधी बदलला की निकाल बदलला; तेव्हा कप्प्यांचा गुणाकार म्हणून काही नाहीच. याउलट एकक, (१ २ ३) आणि (१ ३ २) या तिघांचा उपगट घेतला तर दोनच कप्पे पडतात, सम व विषम, आणि सम-विषम संख्यांच्या बेरजेचे जे नियम तेच त्यांच्या गुणाकाराचे नियम ठरतात. पहिल्या उपगटाचे डावे आणि उजवे कोसेट तपासले तर ते जुळत नाहीत, दुसऱ्याचे जुळतात. गाल्वाने आपल्या पत्रात नोंदलेला भेद तो हाच. इतके काम विद्यार्थ्याने हाताने केल्यावर मग नॉर्मल उपगटाची व्याख्या द्यावी. त्या वेळी ती हुकूम वाटत नाही, जे घडताना पाहिले त्याचा खुलासा वाटते.

या दिशेने झालेल्या प्रयोगांत पोर्टलँड येथील शॉन लार्सन यांचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. डच गणितज्ञ फ्रॉइडेन्थाल यांनी पुरस्कारिलेल्या मार्गदर्शित पुनर्शोधाच्या तत्त्वावर त्यांनी असा अभ्यासक्रम बांधला, की समभुज त्रिकोणाच्या सममितींचा हिशेब ठेवता ठेवता विद्यार्थी स्वतःच गटाच्या नियमांपर्यंत पोचतात, आणि चौरसाच्या आठ सममितींत फिरवणुकी व उलथापालथी यांचे सम-विषम नाते ओळखून भागगटाची कल्पना स्वतः उभी करतात. डुबिन्स्की यांचा मार्ग निराळा होता : त्यांनी संगणकाच्या एका भाषेत विद्यार्थ्यांना कोसेट बनविणारे आणि कोसेटांचा गुणाकार करणारे छोटे कार्यक्रम लिहावयास लावले, या विचाराने की जी क्रिया आपण स्वतः यंत्राला समजावून दिली ती आपल्याला समजल्यावाचून राहत नाही. आज गॅप ही आखेन येथे १९८६ मध्ये सुरू झालेली प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळते, आणि तिच्यावर हजारो गटांची कोष्टके क्षणात पाहता येतात. तिचा उपयोग जरूर करावा. मात्र पहिली दोन-तीन कोष्टके हाताने भरल्याशिवाय यंत्राला हात लावण्याची मुभा नसावी, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण यंत्र उत्तर देते आणि वरील उदाहरणातली रचना कुठे मोडली तो क्षण मात्र नजरेआड होतो.

सिद्धता लिहिण्याचा प्रश्न याच्याशी निगडित असला तरी वेगळा आहे. कीथ वेबर यांनी २००१ च्या आपल्या अभ्यासात असे दाखविले, की होमोमॉर्फिझमविषयीची प्रमेये सिद्ध करताना पदवीचे विद्यार्थी अडतात ते पुष्कळदा माहितीच्या अभावी अडत नाहीत. लागणारी प्रमेये त्यांना ठाऊक असतात, पण त्यांतले कोणते कधी काढावे याची जाण, जी संशोधक विद्यार्थ्यांत दिसते, ती त्यांच्यात तयार झालेली नसते. ही जाण व्याख्याने ऐकून येत नाही. भारतात १९९३ पासून एस. कुमरेसन यांनी चालविलेल्या एम.टी.टी.एस. या उन्हाळी प्रशिक्षणवर्गांत विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करून, त्याला प्रश्नामागून प्रश्न विचारून, त्याच्याच तोंडून सिद्धता वदवून घेण्याची जी रीत रूढ झाली, तिचा लाभ झालेले अध्यापक आज अनेक ठिकाणी आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने अशा जाबसालात मराठीतच बोलावे आणि मग इंग्रजीत लिहावे, यालाही कोणाची हरकत नसावी. अडलेला विचार घरच्या भाषेत लवकर सुटतो. परीक्षांनी मात्र या सर्वांवर पाणी फिरविले आहे. प्रमेय सांगा व सिद्ध करा, या एकाच नमुन्याच्या प्रश्नाला जोवर गुणांचा मोठा वाटा मिळतो, तोवर पाठांतर हाच शहाणपणाचा मार्ग ठरणार, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याला देता येत नाही.

उपयोजनांविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही, तथापि दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर तीन रंगांचे मणी किती भिन्न प्रकारांनी बसविता येतील, हा प्रश्न घ्यावा. सममितीचा विचार न केल्यास ८१ प्रकार होतात. प्रत्येक फिरवणुकीने न बदलणारे प्रकार मोजले तर ते अनुक्रमे ८१, ३, ९ आणि ३ असतात. त्यांच्या ९६ या बेरजेला चाराने भागले की २४ उत्तर येते. उलथापालथींचीही मुभा दिली तर त्यांचे ९, ९, २७ आणि २७ मिळवून १६८ होतात, आणि त्यांना आठाने भागले की २१. बर्नसाइडच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम फ्रोबेनियसने १८८७ मध्ये दिला होता. त्याच्यामुळे गट ही काहीतरी मोजून देणारी वस्तू आहे, हे विद्यार्थ्याला प्रथमच जाणवते. दुसरी गोष्ट रसायनाची. स्फटिकांच्या त्रिमितीय सममितींचे २३० प्रकार फेदोरोव्ह आणि शोनफ्लीस यांनी १८९१ पर्यंत निश्चित केले, आणि रेणूंच्या सममितींचे गट रसायनशास्त्राचा विद्यार्थी त्याच महाविद्यालयात, शेजारच्या वर्गात शिकत असतो. या दोन वर्गांतल्या अध्यापकांनी सत्रातून एकदा तरी एकत्र यावे.

गटांचे विश्व किती विस्तीर्ण आहे याची थोडी कल्पना विद्यार्थ्याला मिळणे मला अगत्याचे वाटते. आठ घटकांचे तत्त्वतः भिन्न असे गट पाच, सोळांचे चौदा, बत्तिसांचे एक्कावन्न, चौसष्टांचे २६७. आणि १०२४ घटकांच्या गटांची संख्या चार हजार नऊशे कोटींहून अधिक आहे. या विश्वात आपल्या माणसाने केलेल्या कामाचीही त्याला ओळख असावी. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेले, मुंबईत शिकून हार्वर्डला गेलेले श्रीराम अभ्यंकर यांनी १९५७ मध्ये असे अनुमान मांडले, की विशिष्ट प्रकारच्या क्षेत्रांवर सरळ रेषेच्या आच्छादनांतून कोणकोणते सांत गट गाल्वाचे गट म्हणून प्रकट होतील हे एका साध्या अटीवरून सांगता येईल. रेनो व हार्बेटर यांनी १९९४ मध्ये ते अनुमान सिद्ध केले. परंतु असे गट असतात एवढ्यावर अभ्यंकरांचे समाधान नव्हते. माथ्यूचे दुर्मिळ गटसुद्धा ज्यांच्यातून निघतात अशी समीकरणे त्यांनी प्रत्यक्ष लिहून दाखविली. शालेय बीजगणितावरची ही त्यांची निष्ठा आणि १९७६ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानातून त्यांनी तरुणांना दिलेला वेळ, या दोन्ही गोष्टी पदवीच्या अध्यापकाने ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

सत्राचे शेवटचे दोन आठवडे कशाला द्यावेत, हा प्रश्न उरतो. बहुतेक अभ्यासक्रम आयसोमॉर्फिझमची प्रमेये व सांत क्रमनिरपेक्ष गटांचे वर्गीकरण यांपाशी थांबतात, आणि ज्या प्रश्नातून हे शास्त्र जन्मले त्याचे उत्तर विद्यार्थ्याला कधीच मिळत नाही. गाल्वाचा संपूर्ण सिद्धांत त्या मुदतीत शिकविता येणार नाही हे खरे, पण त्याचा गटांकडचा अर्धा भाग निश्चित शिकविता येतो. पाच वस्तूंच्या सम अदलाबदलींचा ए-५ हा साठ घटकांचा गट घ्यावा. परस्परांची संयुग्मी असलेली घटकांची कुळे त्यात पाच पडतात, आणि त्यांची घटकसंख्या १, १५, २०, १२ आणि १२ आहे. हे विद्यार्थ्याने स्वतः मोजावे. नॉर्मल उपगट अशा अख्ख्या कुळांचाच बनलेला असतो, त्यात एककाचे कुळ असावेच लागते, आणि लाग्रांजच्या प्रमेयानुसार त्याच्या घटकसंख्येने साठाला भाग जावा लागतो. एकात उरलेल्या चारांपैकी काही संख्या मिळवून साठाचा विभाजक तयार करण्याचा यत्न करावा : १३, १६, २१, २५, २८, ३३, ३६, ४०, ४५, ४८, यांपैकी एकही चालत नाही. सगळी कुळे सोडली तर १ उरतो, सगळी घेतली तर ६०. म्हणून या गटात मधला कोणताही नॉर्मल उपगट नाही, आणि गाल्वाने सांगितलेली एकेक पायरी खाली उतरण्याची वाट येथे बंद होते. मग क्षचा पाचवा घात वजा चार क्ष अधिक दोन बरोबर शून्य, हे समीकरण फळ्यावर लिहावे. त्याची तीन मुळे वास्तव आहेत हे आलेखावरून दाखवावे. त्याच्या पाच मुळांच्या एकशेवीसही अदलाबदली त्याच्या गटात येतात एवढे न सिद्ध करता सांगावे, आणि त्याची मुळे कोणत्याही मूळचिन्हांनी का लिहिता येत नाहीत याचा निर्वाळा विद्यार्थ्यांना नुकत्याच केलेल्या त्या बेरजांवरून द्यावयास सांगावे.